बागेतली नोंद आणि बोटीवरची नोंद

आपल्या प्रश्नाचा आशय आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो आपल्याला लगेच दिसेल. नाशिकच्या सातपूरला आपली छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पिंपळगाव आणि दिंडोरी भागातील द्राक्ष निर्यातदारांसाठी आपण प्लॉटपासून पेटीपर्यंत माग काढणारी प्रणाली तयार केली आणि ती उत्तम चालली. तीच प्रणाली थोडे फेरफार करून आपण पालघर किनाऱ्यावरील एका मच्छीमार संस्थेच्या ३० बोटींना दिली. तीन महिन्यांनंतर निम्म्याहून कमी फेऱ्यांच्या नोंदी आल्या आहेत, आलेल्या नोंदींतील वजने ५०, १००, २०० अशी गोल आहेत, आणि पेट्यांवर क्यूआर कोड लावूनही खरेदीदार ‘हे आम्हाला पटत नाही’ असे म्हणतो. तांडेलांना, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखांना, पुन्हा प्रशिक्षण द्यावे, नोंद न करणाऱ्यांना दंड लावावा, की सगळ्या नोंदी ब्लॉकचेनवर, म्हणजे एकदा लिहिलेले बदलता न येणाऱ्या सामाईक नोंदवहीवर, न्याव्यात, असे आपण विचारले आहे. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींचे काय करावे हाही आपला एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर शेवटी देतो.

पहिल्या तिन्ही उपायांना, निदान आत्ता तरी, माझा नकार आहे. तांडेल नोंदी करीत नाहीत ही आपली तक्रार आहे. मला मात्र असे दिसते की, जी माहिती तांडेलाला त्या घडीला ठाऊकच नसते ती आपण त्याला विचारत आहात, आणि जी त्याला ठाऊक असते ती सांगण्यात त्याचे नुकसान आहे. गोल आकड्यांवरून तो आळशी आहे असे ठरत नाही. बर्फ घातलेल्या खणात डोकावून कोणीही सांगेल तसा तो अंदाज आहे, आणि आपल्या ॲपने त्या अंदाजाला ‘वजन’ असे नाव दिले आहे.

मीही याच वाटेने आलेला माणूस आहे. अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाची, निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ग्रेपनेट प्रणाली २००६ मध्ये सुरू झाली, त्या सुमारास मी नाशिक जिल्ह्यातील एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या केंद्रात, नोंदींचे काम पाहत होतो. पुढे समुद्री मासळीच्या प्रक्रिया कारखान्यांत गेलो, आणि आता बरीच वर्षे त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड असा रस्ता धरून किनाऱ्यावर जातो आणि परत घरी येतो. पहिल्या वर्षी मीसुद्धा ‘प्लॉट’ या रकान्याचे नाव बदलून ‘बोट’ केले होते आणि काम झाले असे समजून बसलो होतो.

द्राक्षाच्या बाबतीत उगम मालाच्या आधी ठरलेला असतो. बाग जागची हलत नाही. तिचा गट क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, फवारणीची वही, प्रयोगशाळेत गेलेला नमुना हे सगळे घड तोडण्याच्या कितीतरी दिवस आधी कागदावर असते. पॅकहाऊसमध्ये क्रेट आला की त्याला त्या जुन्या नोंदीशी फक्त जोडायचे असते. मासळीचा उगम ही एक घटना आहे. जाळे कुठे टाकले, किती वाजता ओढले, कोणते जाळे होते, यांतून तो उगम तयार होतो, आणि जाळे वर येईपर्यंत त्यात काय आहे आणि किती आहे हे कोणालाच माहीत नसते. बोट म्हणजे प्लॉट नव्हे. द्राक्षांच्या भाषेत बोलायचे तर बोट म्हणजे फार तर माल आणायला गेलेला ट्रॅक्टर. शिवाय तीन-चार वेळा ओढलेल्या जाळ्यांतील मासळी एकाच खणात, एकाच बर्फात जाते. म्हणजे बोट किनाऱ्याला लागते तेव्हा बोटीची ओळख शिल्लक असते, पण ओढीची ओळख बऱ्याचदा वाटेतच पुसली गेलेली असते. आपल्या ॲपमध्ये प्रत्येक ओढीची प्रजातीनिहाय किलोमधील नोंद बंधनकारक आहे असे आपण लिहिले आहे. ती खरी भरता येणे शक्यच नाही, म्हणून ती एक तर रिकामी राहते किंवा खोटी भरली जाते.

याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. डोल जाळी समुद्रात ठरलेल्या जागी उभी केलेली असतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहावर भरतात. त्या जागेला आपल्या उत्तर किनाऱ्यावर ‘कव’ म्हणतात. कव ही समुद्रातील प्लॉटच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आहे: जागा ठरलेली, वापरणारा ठरलेला, आणि येणारी मासळी, म्हणजे बोंबील, मांदेली, जवळा, करंदी, तीही बरीचशी अपेक्षित. आपल्या प्रणालीतील प्लॉट नोंदणीचा भाग डोल बोटींसाठी जवळजवळ जसाच्या तसा चालेल. फक्त हे लक्षात ठेवा की, या जागांच्या हद्दींवरून गावागावांत जुने वाद आहेत, आणि कोणाची कव नेमकी कोणत्या अक्षांश-रेखांशावर आहे हे आपल्या सर्व्हरवर साठवणे म्हणजे त्या वादातील एक कागद आपल्या घरात ठेवणे होय. संस्थेच्या सभेत लेखी ठराव झाल्याशिवाय ते करू नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण आपल्या प्रश्नात याचा उल्लेख नाही आणि त्याशिवाय पुढचे बोलणे हवेत राहील. माल शेवटी कुठे जाणार आहे? युरोपीय संघात जाणाऱ्या समुद्रातील मासळीला २०१० पासून पकड प्रमाणपत्र, म्हणजे ती कायदेशीरपणे पकडल्याचा दाखला, लागते. ते २००८ च्या नियमावलीतून आले, आणि भारतात ते प्रमाणित करण्याचे काम एम्पेडा हे समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण करते. १० जानेवारी २०२६ पासून तिकडच्या आयातदारांना ही प्रमाणपत्रे ‘कॅच’ या संगणकीय प्रणालीतूनच सादर करावी लागतात, म्हणजे आपला खरेदीदार आजच एवढा काटेकोर का झाला याचे एक कारण इथे असू शकते. अमेरिकेचा आयात-देखरेख कार्यक्रम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि कोळंबी त्यात त्याच वर्षाच्या अखेरीस आली. पण तो ठरावीक प्रजातींपुरता आहे आणि पापलेट त्यांत नाही. माल मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत जाणार असेल तर खरेदीदाराला मुख्यतः ताजेपणा, बंदर आणि दिवस हवे असतात. या तिन्ही ठिकाणी ‘ट्रेसेबिलिटी’ हा एकच शब्द वापरला जातो, मागणी मात्र तीन प्रकारची असते.

या संदर्भात द्राक्षांचीच एक आठवण सांगण्यासारखी आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा आपल्याकडे प्लॉटपर्यंतच्या नोंदी होत्या. पण ज्या रसायनांची तपासणी आपण करीत होतो त्या यादीत ते रसायनच नव्हते. कोणत्या प्लॉटचा माल आहे हे सांगता येत होते, माल त्या नियमात बसतो का हे सांगता येत नव्हते. त्या हंगामात नाशिकच्या पॅकहाऊसमध्ये जो बसला होता तो हे विसरणार नाही. म्हणून खरेदीदाराला आधी लेखी विचारा की त्याला नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे आणि कोणत्या एककापर्यंत हवे आहे: ओढ, फेरी, बोट, की बंदर आणि दिवस.

हे विचारण्याचे व्यावहारिक कारणही आहे. छोट्या बोटींबाबत दोन्ही ठिकाणचे कायदे आपल्याला वाटते तितके निष्ठुर नाहीत. युरोपीय नियमांत ओढीव जाळे नसलेल्या १२ मीटरपेक्षा कमी लांबीच्या किंवा २० टनांपेक्षा कमी सकल टनभाराच्या बोटींसाठी सोपे प्रमाणपत्र आहे, ज्यात अनेक बोटींची मासळी एका खेपेत दाखवता येते. अमेरिकेच्या कार्यक्रमातही १२ मीटर किंवा २० टनांपर्यंतच्या बोटींच्या बाबतीत एका ठिकाणी एका दिवशी उतरलेल्या मालाची एकत्रित नोंद चालते. आपल्या ३० बोटींपैकी किती या मर्यादेत बसतात ते नोंदणीच्या कागदावरून पाहा. निम्म्या जरी बसल्या तरी ओढीनिहाय नोंदीचा हट्ट सोडता येईल.

बोटीवर काय नोंदवावे याबद्दल माझा नियम कंजूष आहे. बंदर सोडल्याची वेळ, जाळे टाकल्याची आणि ओढल्याची वेळ, ठिकाण, आणि प्रत्येक ओढीला किती क्रेट किंवा टोपल्या भरल्या, एवढेच. वेळ आणि ठिकाण यंत्राने आपोआप घ्यावे. माणसाने फक्त एक कळ दाबावी, कारण ओल्या हाताने, हेलकावणाऱ्या बोटीवर, अंधारात रकाने भरले जात नाहीत. किनाऱ्यापासून थोडे आत गेले की मोबाइलचे सिग्नल जाते, म्हणून नोंद फोनमध्येच साठून बंदरात आल्यावर पुढे गेली पाहिजे, आणि नोंद झाल्याची वेळ व सर्व्हरवर पोचल्याची वेळ या दोन्ही वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून बोटींना इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसविले जात आहेत, एक लाख बोटींचे उद्दिष्ट आहे, आणि त्यांना ‘नभमित्र’ ॲप जोडलेले आहे. परंतु ते यंत्र प्रामुख्याने सुरक्षिततेसाठी आणि संदेशांसाठी आहे. त्यातील माहिती आपल्या प्रणालीला मिळेल असे गृहीत धरून आराखडा बांधू नका.

क्रेटची संख्या विचारा आणि किलोचा आकडा आपण काढा. प्रत्येक प्रमुख प्रजातीसाठी हंगामाच्या सुरुवातीला दहा-बारा भरलेले क्रेट उतरल्याबरोबर बर्फासकट आणि बर्फ काढून असे दोनदा तोलले, तर एका क्रेटमध्ये प्रत्यक्ष मासळी किती असते याचा सरासरी आकडा त्या बंदरापुरता मिळतो. मासळीइतकाच बर्फ घालावा असा आदर्श सांगितला जातो, प्रत्यक्षात तो कमी-जास्त असतो, म्हणून दुसऱ्या बंदराचा आकडा उसना घेऊ नये. हा बोटीवरचा अंदाज आणि किनाऱ्यावरचे वजन यांत फरक राहणारच. युरोपातील मोठ्या बोटींनासुद्धा त्यांच्या २००९ च्या नियंत्रण नियमानुसार लॉगबुकातील अंदाज आणि उतरलेले वजन यांत प्रजातीनिहाय १० टक्क्यांची सूट दिलेली आहे. ज्या दिवशी आपल्याकडे दोन्ही आकडे तंतोतंत जुळू लागतील, त्या दिवशी कोणीतरी एका आकड्यावरून दुसरा लिहीत आहे असे समजा.

खरी नोंद होण्याची जागा जेट्टी आहे, आणि तिथे मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते तांडेलांकडून नव्हे. खाडीतील बंदरात बोट भरतीला आत येते, मग ती पहाटे तीनला असो की दुपारी. माल उतरतो, आणि बायका तो निवडायला बसतात. बोंबील वेगळे, मांदेली वेगळी, करंदी वेगळी, पापलेट आकाराप्रमाणे वेगळे, उरलेला कुटा, म्हणजे किरकोळ मिश्र मासळी, वेगळा. कोणत्या बोटीतून कोणती मासळी किती आली हे संपूर्ण साखळीत एकाच व्यक्तीला नेमके माहीत असते, आणि ती व्यक्ती म्हणजे निवडणारी आणि लिलावात उभी राहणारी बाई. मी पहिली दोन वर्षे फोन तांडेलांच्या हातात देत होतो. एकदा एका मावशींनी मला शांतपणे विचारले, “तो समुद्रातून आला की झोपायला जातो, माल आम्ही मोजतो, मग यंत्र त्याच्याकडे कशाला?” त्या हंगामानंतर मी प्रजाती आणि वजनाचा संपूर्ण भाग जेट्टीवरच्या काट्याशी नेला. आपणही तसेच करावे असे मी सुचवतो: डिजिटल काटा, त्याला जोडलेला एक छोटा छपाई यंत्राचा डबा, आणि नोंद करणाऱ्या दोन स्त्रियांना संस्थेकडून मानधन. फोटो, आवाजी नोंद, चित्रांवरून प्रजाती निवडणे या सोयी नंतर आल्या तरी चालतात.

छापील पावतीचा आग्रह मी का धरतो, त्याचेही कारण आहे. अनेक बोटमालकांनी डिझेल, बर्फ, जाळी यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, आणि माल त्याच व्यापाऱ्याला द्यावा लागतो. वजन आणि भाव दोन्ही समोरच्याच्या हातात असल्यामुळे तांडेलाकडे स्वतःचा असा एकही कागद नसतो. ज्या दिवशी त्याला काट्यावरून वेळ, प्रजाती आणि वजन छापलेली पावती मिळू लागते, त्या दिवसापासून नोंद त्याच्या कामाची होते: खलाशांचे वाटे त्यावर होतात, व्यापाऱ्याशी हिशेब त्यावर होतो, फेरीचा खर्च निघाला की नाही हे कळते. माझ्या अनुभवात दंडापेक्षा ही पावती कितीतरी पटीने जास्त नोंदी आणते. द्राक्ष बागायतदाराने प्लॉट नोंदवला कारण नोंदणीशिवाय युरोपचा भाव मिळत नव्हता. बोटवाल्याला आपण आजपर्यंत असे काहीच दिलेले नाही.

याला लागूनच ठिकाणाच्या गुप्ततेचा मुद्दा येतो. चांगली जागा, किती वाव (खोलीचे माप) पाण्यात आणि कोणत्या दिशेला, ही तांडेलाची कमाई असते. ती तो सख्ख्या भावालाही सांगेल असे नाही. आपल्या ॲपमध्ये ३० बोटींची ठिकाणे संस्थेच्या कार्यालयातील पडद्यावर एकत्र दिसतात हे वाचून, नोंदी निम्म्यावर का थांबल्या याचे मला नवल वाटले नाही. खरेदीदाराला नेमका बिंदू क्वचितच लागतो. आपला संपूर्ण पश्चिम किनारा जागतिक मत्स्य-क्षेत्र ५१ मध्ये येतो, आणि त्याहून बारीक सांगायचे असेल तर मोठे चौकोन पाडून त्यातील चौकोन सांगता येतो. नेमका बिंदू बोटमालकाच्याच खात्यात कुलूपबंद राहू द्या आणि तो पाहण्यासाठी प्रत्येक वेळी त्याची परवानगी लागेल अशी व्यवस्था करा. हे आश्वासन तोंडी देऊन भागत नाही. एखाद्या तांडेलाला समोर बसवून, दुसऱ्या बोटीचे ठिकाण आपल्या प्रणालीत उघडत नाही हे दाखवावे लागते.

आता क्यूआर कोडाकडे येतो, कारण खरेदीदाराच्या अविश्वासाचे मूळ मला तिथे दिसते. आपण प्रत्येक पेटीवर एका बोटीचे नाव लावता. पण आपणच लिहिले आहे की संस्थेच्या शीतगृहात एकाच प्रतीचे पापलेट एकत्र करून पेट्या भरल्या जातात. म्हणजे पाच-सात बोटींची मासळी मिसळल्यानंतर पेटीवर एका बोटीचे नाव येते. ही फसवणूक हेतुपूर्वक नसेल, पण विधान खोटे आहे, आणि जाणकार खरेदीदार दोन दिवसांच्या पेट्या एकत्र मांडून ते सहज ओळखतो: ज्या बोटीने ४० किलो उतरवले तिच्या नावाच्या ६० किलोच्या पेट्या निघतात. ‘या पेटीतील मासळी या तारखेला या बंदरात उतरलेल्या या सात बोटींपैकी आहे’ हे विधान ऐकायला कमी आकर्षक असले तरी खरे आहे, आणि वर सांगितलेल्या छोट्या बोटींच्या नियमांशी सुसंगतही आहे. एका बोटीचे नावच हवे असेल तर त्या बोटीचा माल निवडण्यापासून पेटीपर्यंत वेगळा ठेवावा लागेल. त्यासाठी जागा, बर्फ आणि वेळ जास्त लागतो आणि तो खर्च खरेदीदाराने द्यायला हवा. बहुतेक खरेदीदार भाव ऐकल्यावर सात बोटींवर समाधान मानतात.

लॉट, म्हणजे एकत्र ओळखला जाणारा मालाचा गट, कुठे सुरू होतो, कुठे दुसऱ्यात मिसळतो आणि कुठे फुटतो, एवढ्या तीन क्षणांची नोंद नीट झाली तर बाकीची प्रणाली साधी असली तरी चालते. पॅकहाऊसमध्ये हे आपण करतच होता. फरक एवढाच की द्राक्षाचे वजन पॅकहाऊसमध्ये फारसे बदलत नाही, मासळीचे प्रत्येक टप्प्यावर बदलते. अख्ख्या कोळंबीचे डोके काढले की साधारण ६० ते ६५ टक्के वजन उरते. एखाद्या नोंदीत १०० किलो कोळंबी आत आणि ८० किलो डोके काढलेली कोळंबी बाहेर असे दिसले, तर जास्तीचा माल दुसरीकडून आला आहे किंवा एखादे वजन चुकले आहे असे समजा. आत आलेले, बाहेर गेलेले, शिल्लक असलेले आणि वाया गेलेले यांची बेरीज रोज जुळवणारा साधा तक्ता मला आजवर कोणत्याही महागड्या प्रणालीपेक्षा जास्त उपयोगी पडला आहे.

तारखांच्या बाबतीतही अशीच एक साधी चाळणी लावा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एका कारखान्याच्या नोंदी तपासताना मला २० जूनला ‘पकडलेली’ बरीच मासळी सापडली होती. चोरी नव्हती, मे महिन्यात उतरलेला माल गोठवून ठेवला होता आणि पेटी भरताना प्रणालीने त्या दिवसाचीच तारीख पकडीच्या रकान्यात टाकली होती. परदेशी तपासनिसाला मात्र त्यात बंदीच्या काळातील मासेमारी दिसली, आणि तो कंटेनर सोडवायला दोन महिन्यांचा पत्रव्यवहार करावा लागला. पकड, उतरण, प्रक्रिया आणि भरणा या चार तारखा चार रकान्यांत ठेवा आणि कोणतीही तारीख आपोआप भरू देऊ नका.

नावांबद्दल थोडक्यात. बोट तिच्या नावाने ओळखू नका, कारण एकाच देवतेच्या नावाच्या तीन बोटी एका बंदरात असतात. रिअलक्राफ्ट या बोटींच्या देशव्यापी ऑनलाइन नोंदणीतील ‘आयएनडी-एमएच’ ने सुरू होणारा क्रमांक हीच किल्ली ठेवा. मासळीचे स्थानिक नाव जरूर नोंदवा, पण त्याच्याशी जागतिक अन्न व कृषी संघटनेचा तीन अक्षरी संकेत जोडा; बोंबलाचा ‘बीयूसी’ आहे. हलवा आणि पापलेट या दोन्हींना इंग्रजी व्यवहारात ‘पाम्फ्रेट’ म्हणतात, पण त्या वेगळ्या कुळांतील मासळी आहेत. पापलेट २०२३ पासून आपला राज्य मासा आहे, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले. त्यामुळे पुढे वजनाबरोबर आकाराची प्रतही नोंदवावी लागेल असे धरून रकाना आतापासून राखून ठेवा.

ब्लॉकचेनबद्दल माझे मत लहान आहे. ती एकदा लिहिलेले बदलू देत नाही, हा तिचा गुण. पण आपली अडचण लिहिलेले बदलले जाण्याची नसून मुळात चुकीचे लिहिले जाण्याची आहे. जुन्या रोजकीर्दीत खाडाखोड चालत नसे: चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, आणि सही. साध्या डेटाबेसमध्ये हीच शिस्त पाळता येते, म्हणजे दुरुस्ती कोणी, केव्हा, का केली हे राहते आणि मूळ आकडाही दिसतो. खरेदीदाराने करारातच ब्लॉकचेनची अट घातली असेल तर गोष्ट वेगळी.

पुढची पायरी म्हणून ३० बोटी थांबवून पाच बोटी, एक जेट्टी आणि दोन प्रजाती घेऊन पुन्हा सुरुवात करा. त्याही आधी, शक्य असेल तर, नाशिकच्याच एखाद्या धरणावर ठेक्याने मासेमारी करणाऱ्या संस्थेकडे काटा आणि पावतीची पद्धत महिनाभर चालवून पाहा. कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी एवढ्याच प्रमुख प्रजाती, उतरण्याची एकच जागा, आणि आपल्या कार्यालयापासून तासाभराचे अंतर. यंत्रातल्या चुका इथे स्वस्तात कळतात. गोड्या पाण्यातील मासळीला युरोपचे पकड प्रमाणपत्र लागू नाही, त्यामुळे कायद्याचे दडपणही नसते. महिन्याअखेरीस पॅकहाऊसमध्ये आपण करीत असू तीच चाचणी करा: एक पेटी उचलून तिच्या बोटींपर्यंत उलटे जा, आणि एका बोटीची एक फेरी उचलून तिचा प्रत्येक किलो कुठे गेला ते शोधा. दुसरी दिशा लोक नेहमी विसरतात, आणि गळती तिथेच सापडते.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, मागील तीन महिन्यांच्या नोंदींचा. त्या पुसू नका आणि ‘दुरुस्त’ तर मुळीच करू नका. ५० चे ४७ आणि १०० चे १०३ करून देणारे लोक आपल्याला भेटतील. प्रत्येक नोंदीवर ‘बोटीवरील अंदाज, वजन केलेले नाही’ असा शेरा चढवा, त्या काळातील पेट्यांवरची एका बोटीची नावे मागे घ्या, आणि संस्थेच्या लिलावाच्या वह्यांतून बंदर व दिवस एवढ्या पातळीवर जे सिद्ध होते तेवढेच खरेदीदाराला लेखी कळवा. त्या वह्या मागवायला संस्थेच्या चिटणीसांना आजच फोन करा. पावसाळ्यापूर्वीच्या आवराआवरीत जुन्या वह्या अनेकदा रद्दीत जातात.